थोमाचे आठ दिवस

पास्काचा सण झाला की पुढच्या रविवारी काय शिकवायचे, हा विचार आम्हा धर्मशिक्षकांना करावा लागत नाही. उपासनेचे वर्ष अ असो, ब असो वा क, त्या रविवारचे शुभवर्तमान ठरलेले आहे. योहानाचा विसावा अध्याय, बंद केलेली दारे आणि थोमा. आमच्या धर्मग्रामात मराठी मिस्सा सकाळी आठची. ती संपली की हॉलमध्ये वर्ग भरतो. फळ्यावर ‘संशयी थोमा’ असे लिहायचे, गोष्ट सांगायची आणि शेवटी मुलांना विचारायचे, “मग, तुम्ही थोमासारखे होणार का?” मुले एका सुरात “नाही” म्हणतात. सुट्टीआधीचा शेवटचा वर्ग म्हणून त्या दिवशी बिस्किटांबरोबर सरबतही असते. इतकी वर्षे आम्ही हेच करत आलो आणि आपण बरे शिकवतो असे समजत आलो.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी आठवीतली एक मुलगी “नाही” म्हणाली नाही. तिने हात वर केला आणि उभी राहिली.

“टीचर, दादासाठी आम्ही नऊ दिवस नोव्हेना केली. देवाने ऐकलंच नाही, की ऐकून नको म्हटलं? एवढंच सांगा की.”

तिचा दादा एकोणीस वर्षांचा होता. आदल्या ऑगस्टमध्ये, भर पावसात, खानापूर रस्त्यावर त्याची मोटारसायकल घसरली. अकरा दिवस तो दवाखान्यात होता. त्या अकरा दिवसांत आमच्या धर्मग्रामाने जेवढी प्रार्थना केली तेवढी एरवी वर्षभरात होत नसेल. रोज संध्याकाळी त्यांच्या घरी जपमाळ. आत जागा पुरेना म्हणून माणसे छत्र्या धरून अंगणात उभी राहत. मुलांची नोव्हेना आम्हीच सुरू केली होती. विश्वासाने मागितलेले देव देतो, हे त्यांना सांगणारेही आम्हीच. तेव्हा तिचा प्रश्न खरे तर आम्हालाच होता, आणि तो विचारायचा तिला पुरा हक्क होता.

“असं विचारू नये बाळा. देवाची इच्छा असते. आपण विश्वास ठेवायचा.”

हे वाक्य आम्हा चौघांपैकी कुणाच्या तोंडून निघाले, ते सांगण्यात अर्थ नाही. बाकीचे तिघे तिथेच उभे होते आणि एकालाही ते चुकीचे वाटले नाही. मुलगी “बरं” म्हणाली आणि खाली बसली. सरबत न घेताच घरी गेली.

जूनमध्ये वर्ग पुन्हा सुरू झाले. तीन रविवार ती आली, गप्प बसली, वहीत सांगितलेले उतरवून घेतले. जुलैपासून ती आली नाही. तिची आई मिस्साला येत होती. पण तिच्यातही एक गोष्ट आमच्या लक्षात आली. ती पूर्वी कॉयरमध्ये गायची आणि तिचा आवाज असा की ती थांबली की कळते. प्रभूने शिकवलेली प्रार्थना म्हणताना, पित्याच्या इच्छेविषयीची जी विनवणी आहे, तिथे तिचे ओठ मिटायचे. पुढच्या विनवणीला पुन्हा उघडायचे. दर रविवारी, तेवढीच एक ओळ.

3 जुलैला संत थोमाचा सण असतो. त्याच आठवड्यात आमच्यापैकी दोघे तिच्या घरी गेलो. काय घेऊन जावे कळेना, म्हणून बेकरीतून खारी घेतली. पाऊस इतका होता की पिशवी भिजली. तिने दार उघडले, “बसा टीचर” म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली मुलाचा कॉलेजातला फोटो. मग ती बसली आणि आम्ही काही विचारायच्या आधीच बोलू लागली.

“तुम्ही वाईट बोललात असं नाही टीचर. सगळे तेच बोलतात. देवाला चांगली फुलं आवडतात म्हणून तो लवकर खुडतो, असं मला कितीतरी जणांनी सांगितलं. मी म्हटलं, त्याची स्वतःची बाग आहे की, माझ्या दारातलं एकच कशाला पाहिजे त्याला?” थोडे थांबून म्हणाली, “आणि एकीनं सांगितलं, आमचा विश्वास कमी पडला. ती प्रार्थनेच्या कुठल्या मेळाव्याला जाते. म्हणाली, तिथं आणलं असतंत तर उठून बसला असता.”

आम्ही त्या ओळीबद्दल भीत भीत विचारले. ती लाजली नाही. म्हणाली, “ती म्हणवत नाही. बाकीची म्हणवते, म्हणून म्हणते. रोज रात्री मी त्याच्याशी भांडते. पण चर्चमध्ये उभं राहून खोटं कसं बोलू देवाशी?”

निघताना मुलगी आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. “उत्तर आणलंय?” तिने विचारले. आम्ही म्हटले, “नाही. आम्हालाही माहीत नाही, तेच सांगायला आलो.” ती म्हणाली, “मग हे तेव्हाच सांगायचं की.”

प्रिय वाचकहो, त्या दिवसापासून आम्ही थोमाचा धडा पुन्हा वाचायला घेतला, आणि इतकी वर्षे आम्ही त्या माणसावर अन्याय केला असे आमचे मत झाले आहे. भारतातली ख्रिस्तसभा ज्याला आपला प्रेषित मानते, इ. स. 52 मध्ये तो या किनाऱ्यावर आला आणि मैलापूरला रक्तसाक्षी झाला अशी जिची परंपरा सांगते, तीच आपण त्याचे नाव शिवीसारखे वापरतो. योहानाच्या शुभवर्तमानात थोमा तीनदा बोलताना दिसतो. अकराव्या अध्यायात, यहूदियात परत जाणे म्हणजे मरणाच्या तोंडी जाणे हे ठाऊक असूनही, आपणही प्रभूबरोबर मरायला जाऊ असे इतर शिष्यांना सांगणारा तोच. चौदाव्यात, प्रभू कुठे जातो ते आम्हाला कळत नाही, असे सगळ्यांच्या मनातले उघड बोलणाराही तोच. विसाव्या अध्यायातला थोमा हा त्याच स्वभावाचा आहे. जे समजले नाही ते समजले म्हणायचे नाही.

आणि त्याने मागितले तरी काय? प्रभूने इतर शिष्यांना आपले हात आणि कूस आधीच दाखवली होती, आणि ते पाहिल्यावर त्यांना आनंद झाला. थोमाने तेवढेच मागितले. लूक तर सांगतो की, कबरेवरून आलेल्या स्त्रियांची बातमी प्रेषितांना वायफळ बडबड वाटली होती. म्हणजे संशय घेणारा तो एकटा नव्हता. बाकीच्यांची शंका एका संध्याकाळी फिटली, त्याची फिटायला आठ दिवस लागले, एवढाच फरक.

त्या आठ दिवसांबद्दल योहान एक शब्दही लिहीत नाही. आम्हाला आता तोच सगळ्यांत महत्त्वाचा भाग वाटतो. एका घरात दहा माणसे, ज्यांनी प्रभूला पाहिले आहे. त्यांच्या आनंदाला पारावार नसणार. आणि त्यांच्यात एक माणूस, जो म्हणतो, मला पटत नाही. आठ दिवसांनी प्रभू पुन्हा आला तेव्हा शिष्य त्याच घरात होते आणि थोमा त्यांच्याबरोबर होता. तो निघून गेला नव्हता. त्यांनीही त्याला घालवून दिले नव्हते. तू आमच्या प्रार्थनेत बसू नकोस, तुझ्यामुळे प्रभू येत नाही, असे पेत्राने त्याला म्हटल्याचे कुठेही नाही. त्या मुलीला आम्ही आठ दिवस सोडा, आठ मिनिटेही दिली नाहीत.

आता त्या ‘विश्वास कमी पडला’ म्हणणाऱ्या बाईंविषयी. त्यांच्यावर राग धरण्यात अर्थ नाही, त्यांनाही कुणीतरी हेच शिकवले असेल. पण शिकवण खोटी आहे, आणि ती दुःखात असलेल्या माणसाला सांगणे हे पाप आहे असे आम्ही स्पष्ट म्हणतो. शुभवर्तमान उघडून पाहावे. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात छपरातून खाली सोडलेला पक्षाघाती बरा होतो, तेव्हा येशूने पाहिला तो त्याला घेऊन आलेल्यांचा विश्वास. नाईन गावच्या विधवेला तर विश्वासाबद्दल काही विचारलेच नाही. तिने मागितलेही नव्हते. ती रडत तिरडीमागून चालली होती आणि प्रभूला तिचा कळवळा आला, एवढेच लूक सांगतो. मार्कच्या नवव्या अध्यायातल्या बापाने आपला विश्वास अपुरा आहे हे प्रभूच्या तोंडावर कबूल केले आणि त्या अपुरेपणासाठीच मदत मागितली. त्याचा मुलगा बरा झाला. विश्वास मोजून त्या मापाने बरे करणारा येशू आम्हाला तरी या पानांत सापडत नाही.

उलट्या बाजूनेही पाहा. पौलाने आपल्या देहातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. आणि गेथसेमनी बागेत स्वतः प्रभूने, हा प्याला टळावा म्हणून, पुन्हा पुन्हा जाऊन तीच प्रार्थना केली. प्याला टळला नाही. प्रार्थना फळली नाही म्हणजे विश्वास कमी, हे सूत्र खरे मानले तर ते प्रथम कुणाला लावावे लागेल? हा विचार मनात आला तेव्हा आम्हालाच दचकायला झाले. त्या बागेतल्या प्रार्थनेत पित्याच्या इच्छेचा स्वीकार शेवटी येतो, हे खरे. पण तो घाम गाळून, जमिनीवर पडून येतो. आपण तो सातव्या दिवसाच्या मिस्सालाच आईच्या तोंडून काढून घ्यायला निघतो.

स्तोत्रसंहितेतले 88 वे स्तोत्र आपल्याकडे फार वाचले जात नाही. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी वळण घेतात, स्तोत्रकर्ता रडतारडता स्तुतीकडे येतो. हे स्तोत्र वळत नाही. देवा, मी रात्रंदिवस ओरडतो आहे, तू तोंड का लपवतोस, माझे जिवलगही तू माझ्यापासून दूर केलेस, असे म्हणत ते अंधारापाशी येते आणि तिथेच संपते. आभार नाहीत, आशेची ओळ नाही. आणि ख्रिस्तसभेने त्याचे काय केले? ते काढून टाकले नाही, मागे एखादी गोड ओळ जोडली नाही. आपले धर्मगुरू आणि सिस्टर्स रोज जी प्रहरांची प्रार्थना म्हणतात, तिच्यात शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वी हेच स्तोत्र असते. दर शुक्रवारी, जगभर. ती आई रात्री तिच्या स्वयंपाकघरात जे बोलते ते ख्रिस्तसभा आधीपासूनच बोलत आली आहे. तिला हे कुणी सांगितले नव्हते. आम्ही धर्मशिक्षक असून आम्हीही सांगितले नव्हते.

हे सगळे आम्ही आमच्या मासिक सभेत मांडले तेव्हा धर्मग्रामातले एक ज्येष्ठ गृहस्थ नाराज झाले. ते निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि आमच्यापैकी दोघांना त्यांनी शाळेत शिकवले आहे, त्यामुळे आम्ही आवाज चढवू शकत नाही. ते म्हणाले, “तुम्ही पोरांना शंका शिकवणार? आधीच मोबाइल हातात आहे. उद्या एकही पोर चर्चमध्ये दिसणार नाही. आणि याकोब काय म्हणतो ते वाचलंत ना? संशय घेणारा समुद्राच्या लाटेसारखा.”

सरांचा मुद्दा पोकळ नाही. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात शंकेबद्दल 2088 क्रमांकाचा परिच्छेद आहे, आणि शंका जाणूनबुजून जोपासली तर माणूस आंधळा होऊ शकतो असा इशारा त्यात दिला आहे. असे लोक आम्हीही पाहिले आहेत. त्यांना प्रश्न असतो, पण उत्तर नको असते. प्रश्न हा मिस्सा चुकवण्याचा परवाना असतो. पण त्याच परिच्छेदात दुसऱ्या प्रकारची शंकाही सांगितली आहे, जी माणूस मुद्दाम धरत नाही. विश्वास ठेवताना पाऊल अडखळते, आक्षेपांना उत्तर सापडत नाही, किंवा श्रद्धेतल्या अंधाराने जीव घाबरा होतो. ग्रंथ दोन्ही वेगळ्या ठेवतो. आपण मात्र एकाच काठीने हाकतो. याकोब बोलतो आहे तो देवाकडे शहाणपण मागताना मन दोन दगडांवर ठेवणाऱ्याबद्दल. मूल गमावलेल्या आईबद्दल नाही. आणि यहूदाचे पत्र, म्हणजे इस्कार्योत नव्हे, दुसरा यहूदा, बायबलच्या जवळजवळ शेवटी असलेले एका अध्यायाचे पत्र, त्यात संशयात पडलेल्यांवर दया करा असे सरळ सांगितले आहे. सरांना आम्ही ते वचन काढून दाखवले. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचले आणि काही बोलले नाहीत.

मोबाइलचे मात्र खरे आहे. अकरावी-बारावीची मुले व्हिडिओ पाहून येतात. मत्तय म्हणतो यहूदाने गळफास घेतला, प्रेषितांची कृत्ये सांगतात तो पालथा पडून फुटला, तर खरे काय? योसेफाचा बाप मत्तयाच्या वंशावळीत याकोब, लूकच्या वंशावळीत एली, हे कसे? पूर्वी आम्ही असल्या प्रश्नांवर घाम पुसत असू. हे डोक्याचे प्रश्न आहेत आणि त्यांना अभ्यासाने भिडता येते. दुसऱ्या शतकात तातियान नावाच्या सिरियातल्या ख्रिस्ती माणसाने चारही शुभवर्तमाने एकत्र करून, फरक मिटवून, एकच सलग ग्रंथ तयार केला होता. ‘दियातेस्सारोन’ त्याचे नाव. सिरियाकडच्या मंडळ्यांत तो पाचव्या शतकापर्यंत वाचला जात असे. म्हणजे गुळगुळीत एकच शुभवर्तमान ठेवण्याची सोय ख्रिस्तसभेला होती. तिने ती नाकारली आणि चार साक्षीदार त्यांच्या फरकांसकट ठेवले. हे आम्ही मुलांना सांगितले तेव्हा एक मुलगा म्हणाला, “म्हणजे त्यांना फरक माहीत होते?” होय, माहीत होते. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला आम्ही पाहिला. त्याला कुणीतरी असे पटवले होते की, चर्च ही गोष्ट लपवते.

मराठीतून ख्रिस्ती श्रद्धा सांगायला ज्यांनी सुरुवात केली, त्यांनाही प्रश्नाचे वावडे नव्हते. फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापले गेले, सुमारे 11 हजार ओव्यांचे. आमच्यापैकी एकाने बी. ए. ला मराठी घेतले होते, तेव्हा त्याचा काही भाग अभ्यासाला होता. त्यात पाद्री एकटाच बोलत सुटत नाही. श्रोता मध्येच अडवून प्रश्न विचारतो आणि पाद्री गुरू थांबून उत्तर देतात. चारशे वर्षांपूर्वी साष्टीतल्या माणसाला जे विचारता येत होते ते आमच्या हॉलमधल्या मुलीला विचारता आले नाही.

आणि कोलकात्याच्या संत तेरेसांबद्दल एवढेच सांगतो. त्यांची खाजगी पत्रे 2007 मध्ये, मृत्यूनंतर दहा वर्षांनी, प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळले की, जवळजवळ 50 वर्षे त्यांना प्रार्थनेत देवाची चाहूल लागत नव्हती. ती पत्रे नष्ट करावीत अशी त्यांची इच्छा होती. काहींनी त्यांना ढोंगी म्हटले. ख्रिस्तसभेने 4 सप्टेंबर 2016 रोजी त्यांना संत घोषित केले, ती पत्रे पुढ्यात ठेवून. पन्नास वर्षे पहाटे उठून मिस्साला जायचे, मग मरणाऱ्यांच्या जखमा धुवायच्या, आणि आत काही नाही. आमच्या कॉयरमधली ती बाई एका ओळीपाशी थांबते, तर आपण तिच्याकडे वळून पाहतो.

तेव्हा वाचकहो, आपल्या धर्मग्रामांतून, मंडळ्यांतून काही गोष्टी बदलाव्यात असे आम्हाला वाटते. ज्या घरात मरण झाले आहे तिथे पहिला महिनाभर तरी कुणी कारण सांगू नये. ईयोबाचे मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तिथपर्यंत त्यांचे बरोबर होते. तोंड उघडून त्याला कारणे समजावू लागल्यावर बिघडले. आणि शेवटी देव रागावला तो त्या धार्मिक बोलणाऱ्यांवर, भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे. आपणही डबा घेऊन जावे, भांडी घासावीत, पोरांना शाळेत सोडावे. प्रार्थना करायची तर 88 वे स्तोत्र वाचावे आणि थांबावे. ‘देवाची इच्छा’ हे शब्द त्या घरातल्या माणसाने स्वतः उच्चारले तर मान झुकवावी. आपण आधी उच्चारू नयेत.

आम्ही वर्गात बुटांच्या खोक्याची एक प्रश्नपेटी ठेवली. नाव लिहायचे नाही, चिठ्ठी टाकायची. शेवटची दहा मिनिटे त्यासाठी. पहिल्याच रविवारी निघाले, “नोहाने तारवात डास का घेतले?” याचे उत्तर आमच्याकडे आजही नाही. दुसरी चिठ्ठी, “स्वर्गात कन्नड बोलतात की मराठी?” बेळगावात असला प्रश्न पेटीतच विचारलेला बरा. तिसऱ्या चिठ्ठीवर लिहिले होते, “माझी आजी हिंदू होती. ती कुठे आहे?” अक्षर लहान मुलाचे नव्हते. ती चिठ्ठी आम्ही फादरांकडे नेली. पुढच्या रविवारी ते स्वतः वर्गात आले आणि त्यांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा 1964 सालचा ‘लुमेन जेंत्सियुम’ हा दस्तऐवज उघडला. ज्यांच्यापर्यंत ख्रिस्ताचे शुभवर्तमान त्यांच्या दोषाविना पोहोचले नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाचा शोध घेतात आणि सद्सद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते, असे त्याच्या 16 व्या परिच्छेदात आहे. फादरांनी ते समजावून सांगितले. मागच्या बाकावर एक मुलगा डोळे पुसत होता. हे उत्तर साठ वर्षे छापील होते. त्याने विचारले नसते तर तो आजीला घेऊन किती वर्षे असाच बसला असता?

पण सगळ्याच चिठ्ठ्यांना परिच्छेद क्रमांक नसतो. “देवाने ऐकलंच नाही, की ऐकून नको म्हटलं?” याला आमच्याकडे तो नाही. प्रभू वधस्तंभावर असताना तोच प्रश्न त्याने 22 व्या स्तोत्राच्या शब्दांत विचारला, आणि वरून आवाज आला नाही, हे आम्ही जाणतो. तिसऱ्या दिवशी जे झाले त्यावर आमचा विश्वास आहे. त्या विश्वासाच्या जोरावरच आम्ही दर रविवारी फळ्यासमोर उभे राहतो. पण तिच्या दादाचा तिसरा दिवस अजून उजाडलेला नाही, तो शेवटच्या दिवशी उजाडेल अशी आमची आशा आहे, आणि मधला काळ तिला काढायचा आहे. त्या काळात तिच्याबरोबर बसणे एवढे आम्हाला करता येते.

या वर्षी पास्कानंतरच्या रविवारी फळ्यावर आम्ही फक्त ‘थोमा’ लिहिले. मुलांना विचारले, ते आठ दिवस तो त्या घरात काय करत असेल? एक म्हणाला, भांडत असेल. एक म्हणाली, कोपऱ्यात बसला असेल. तिसरीतला एक छोटा म्हणाला, “त्याला जेवायला कुणी वाढलं?” ती मुलगी आता दहावीत जाणार आहे. गेल्या पावसाळ्यापासून ती अधूनमधून येते, दाराजवळच्या बाकावर बसते, वही आणत नाही. त्या दिवशी ती आली होती. काही बोलली नाही.

तिची आई परत कॉयरमध्ये गाते. त्या विनवणीपाशी ती अजून थांबते. 30 ऑगस्टला वेलंकणी मातेची नोव्हेना सुरू होईल आणि नेहमीप्रमाणे मुलांची प्रार्थना आमच्याकडे असेल. आजाऱ्यांसाठी मागा हे तर त्यांना सांगायचेच आहे. त्यापुढे काय सांगायचे यावर आमची चौघांची बैठक येत्या शनिवारी आहे. सर पण येतो म्हणाले आहेत.